इंजिन माउंटिंग घरी बदलायचंय: सपोर्ट बार नाही, टॉर्क रेंच नाही, जॅक आणि साध्या पान्यांवर काम होईल का?

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी. पुढच्या चाकांना ताकद देणारी पेट्रोल गाडी, इंजिन आडवं, मॅन्युअल गिअर. उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरते, एसी लावला की जास्तच. आरपीएम दीड हजाराच्या वर गेला की थरथर जवळपास नाहीशी होते. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गचका बसतो आणि रिव्हर्सला निघताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो. टायमिंगच्या (बेल्ट-चेनच्या) बाजूच्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर मधोमध चिरलेलं दिसतंय, खाली काळपट ओघळही आहे. गिअरबॉक्सकडचं बॅटरीखाली दडलेलं असल्यामुळे दिसत नाही.

हाताशी ८ ते १९ मिमीचा गोटी सेट, अर्ध्या इंची टॉमी, एक ट्रॉली जॅक, दोन स्टँड आणि एक छोटी पहार आहे. इंजिन वरून टांगून धरायचा सपोर्ट बार नाही, टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने कसला ते दाखवणारा पाना) नाही, प्रेस नाही. एवढ्यावर हे काम सुरक्षितपणे होईल का? आणि खरोखर माउंटिंगच गेलंय हे पक्कं कसं करायचं?

गोटीपाना

होईल. खालची सबफ्रेम (इंजिनाखालचा लोखंडी सांगाडा) उतरवायची असते आणि जॅकला जागाच उरत नाही, तेव्हा सपोर्ट बारला पर्याय नसतो. एका वेळी एकच माउंटिंग काढायचं असेल तर इंजिनाचा तेवढा एक कोपरा धरून ठेवणं पुरतं, आणि लाकडी ठोकळा ठेवलेला ट्रॉली जॅक ते नीट करतो.

पण पाना लावायच्या आधी निदान पक्कं कराच, कारण तुम्ही लिहिलेली निम्मी लक्षणं दुसऱ्या दुखण्यांचीही असतात. इंजिन मिसिंग करत असेल (एखादा सिलिंडर मधेच पेट घेत नसेल), थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल किंवा आयडल आरपीएम ठरलेल्यापेक्षा खाली गेला असेल, तरी सीट अशीच थरथरते. फरक ओळखायला सोपा आहे. मिसिंगची थरथर एका लयीत नसते, मधेच गचका खाते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी आवाजही तुटक येतो. माउंटिंग गेलेलं असेल तर इंजिन एकसारखं चालत असतं, फक्त त्याचा कंप बॉडीत उतरतो.

मग हलण्याची चाचणी. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. एकाने सीटवर बसून ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बॉनेटखाली बघायचं. बंपरसमोर कुणीही उभं राहायचं नाही. पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडा आणि लगेच दाबा, मग तेच रिव्हर्सला. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय ठेवून फक्त डी आणि आर बदला. पुढच्या गिअरला इंजिनाचा माथा मागे कलतो, रिव्हर्सला पुढे. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलणं स्वाभाविक आहे. तीन सेंटिमीटर उसळून धाडकन थांबत असेल तर रबर गेलं समजा. फक्त पुढे-मागे झुलत असेल तर संशय खालच्या टॉर्क रॉडवर (इंजिनाचं झुलणं रोखणाऱ्या दांड्यावर), एकच टोक वर उचललं जात असेल तर त्या टोकाच्या वरच्या माउंटिंगवर. तुमचा रिव्हर्सचा ‘टक्’ टॉर्क रॉडचाच असण्याची शक्यता जास्त.

चिरांबद्दल एक सांगतो. जुन्या रबरावर केसासारख्या उथळ चिरा असतातच, त्यावरून भाग बाद करू नका. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकूड ठेवून जॅकने इंजिन पाच ते दहा मिमी उचला आणि टॉर्चच्या उजेडात चीर बघा. चीर तोंड उघडत असेल किंवा रबर धातूच्या कवचापासून सुटून मधे काळी फट दिसत असेल, तर ते माउंटिंग संपलं.

काळपट ओघळ मात्र महत्त्वाचा आहे. बऱ्याच गाड्यांत टायमिंगकडचं माउंटिंग हायड्रॉलिक असतं. आत ग्लायकॉलचं द्रव भरलेलं असतं, ते दोन कप्प्यांमधल्या अरुंद वाटेने ये-जा करतं आणि आयडलचा कंप गिळतं. द्रव गळून गेलं की रबर वरून धड दिसलं तरी उपयोग शून्य. पण आधी ओघळाचा उगम बघा. तो माउंटिंगच्या खालच्या सांध्यातून निघत असेल तर माउंटिंगचा. वर व्हॉल्व्ह कव्हरपर्यंत माग जात असेल आणि बोटाला तेलकट लागत असेल तर इंजिन ऑइलचा. तसं असेल तर आधी ती गळती बंद करा. माउंटिंगचं नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मऊ पडतं. वरून तेल ठिबकत राहिलं तर नवंही तसंच जाईल.

नवा भाग चासी नंबर देऊनच घ्या. एकाच मॉडेलमध्ये मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, पेट्रोल आणि डिझेल यांची माउंटिंग वेगळी असतात. भोकं जुळतात पण रबराचा कडकपणा जुळत नाही. हायड्रॉलिकच्या जागी भरीव रबराचं बसवलं तर ते बसेल, पण आयडलची थरथर आहे तिथेच राहील.

तेलकट_हात

निदान झालं असं धरून कामाचं लिहितो, टायमिंगकडच्या माउंटिंगपासून.

पहिली गोष्ट, शक्य असेल तर गाडी उचलूच नका. हे माउंटिंग वरून हाताला लागतं. चारही चाकं जमिनीवर ठेवून, इंजिनाखालचं प्लास्टिक कव्हर काढून, ट्रॉली जॅक समोरून चेंबरखाली जातो का बघा. जात असेल तर निम्मा धोका तिथेच संपला. गाडी उचलावी लागलीच तर आधी गाडी स्टँडवर, मग इंजिनखाली जॅक. उलटा क्रम कधीच नाही. आणि इंजिनखाली जॅक असताना गाडी खाली घ्यायची नाही. गाडी उतरते, इंजिन जॅकवर अडकून राहतं आणि नाकाचं सगळं वजन चेंबरवर येतं.

इंजिन गार असू द्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कूलंटची बाटली आड येत असेल तर पाइप न काढता बोल्ट सोडून बाजूला सरकवा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, पण जे रबर तिथेच राहणार आहे त्यावर उडू देऊ नका. ब्रॅकेटच्या कडेने पांढऱ्या मार्करने रेघ ओढा आणि फोटो काढा. पुष्कळ ब्रॅकेटना लांबट भोकं असतात, त्यामुळे इंजिन पाच-सात मिमी इकडे-तिकडे बसू शकतं. जुनी रेघ नसेल तर मूळ जागा सापडत नाही.

ठोकळा साधारण २० बाय १५ सेंमी आणि ४-५ सेंमी जाड हवा. चांगला प्लायवूड किंवा कठीण लाकूड घ्या, मऊ फळी रेषेत फाटते. तो चेंबरच्या कडेला, ब्लॉकला जोडणाऱ्या जाड काठाखाली येईल असा लावा. पत्र्याच्या चेंबरच्या मधोमध जॅक लावला तर पत्रा आत चेपतो, तेल खेचणाऱ्या जाळीच्या तोंडाशी येतो आणि पुढे ऑइल प्रेशरची तक्रार सुरू होते. ॲल्युमिनियमच्या चेंबरला तडा जातो. ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, एसी कॉम्प्रेसर यांच्याखाली जॅक लावायचाच नाही.

आता खरं नाजूक काम. जॅक लाकडाला टेकला की दांडा अगदी थोडा थोडा दाबा. सुरुवातीला इंजिन वर येतंय असं वाटतं, पण येत असतं गाडीचं नाक, कारण माउंटिंग अजून जोडलेलं आहे. आपल्याला हवी आहे ती स्थिती म्हणजे इंजिनाचं त्या कोपऱ्यातलं वजन जॅकवर आणि माउंटिंगवर काहीच नाही. ती बोल्टच सांगतो. टॉमीने सगळे बोल्ट अर्धा वेढा सैल करा, मग एक बोल्ट हाताने फिरतो का बघा. अडकत असेल तर जॅक दोन-तीन मिमी वर किंवा खाली करा. सहज फिरू लागला की ती उंची बरोबर. शेवटचा बोल्ट निघताना इंजिन खालीही बसता कामा नये आणि वरही उडता कामा नये. पाच मिमीपेक्षा जास्त हललं तर जॅक चुकीच्या उंचीवर होता. बोटं ब्रॅकेट आणि बॉडीच्या फटीत कधीही घालायची नाहीत, पहार किंवा स्क्रूड्रायव्हर वापरा.

माउंटिंग बाहेर काढायला इंजिन सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर-खाली करावं लागतं. तीन सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. हलवताना रेडिएटरचे होज, एसीचे पाइप, सायलेन्सरचा लवचीक जोड आणि इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी, या चार गोष्टींवर नजर ठेवा. काही ताणलं जाताना दिसलं तर थांबा. टॉर्क रॉडचा एक बोल्ट सैल केला की इंजिन सरळ वर-खाली होतं, नाहीतर खालून अडून तिरकं वळतं.

जुनं आणि नवं शेजारी ठेवून भोकांचं अंतर, पिनची जागा, उंची ताडून बघा. द्रव गळालेलं माउंटिंग बसकं झालेलं असतं, म्हणून नवं जरा उंच दिसलं तर दचकू नका. जॅक तेवढा वर घ्यावा लागेल इतकंच. बसायची जागा तारेच्या ब्रशने घासा, गंजाचा पापुद्रा ब्रॅकेटखाली राहिला तर तो पुढे चुरगळतो आणि बोल्ट ढिला पडतो.

सगळे बोल्ट बोटांनी चार-पाच आटे आत गेले पाहिजेत. त्याआधी पान्याला हात लावू नका. बोल्टच्या ताकदीने इंजिन जागेवर ओढायचा मोह फार होतो, आणि ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर त्यात आटे मारले जातात. ती दुरुस्ती माउंटिंग बदलण्यापेक्षा अवघड आहे. भोक जुळत नसेल तर एका भोकात गोल स्क्रूड्रायव्हर घालून इंजिन सरकवा आणि दुसऱ्या भोकात बोल्ट लावा.

सगळे बोल्ट टेकले की कसू नका. जॅक पूर्ण उतरवून बाजूला काढा, इंजिन दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून बसू द्या, मग शेवटचं कसा. इंजिन जॅकवर असतानाच कसलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. कंप तर राहतोच, रबरही लवकर फाटतं. अर्थची पट्टी परत जोडली का बघा. ती पुष्कळदा याच बोल्टावर असते आणि विसरली तर स्टार्टर कण्हतो.

चौथा_गिअर

फार उपयोगी माहिती, आभार. चाचणी घेतली. चीर पूर्ण उघडते, शिवाय इंजिन पुढे-मागेही बरंच झुलतं. म्हणजे टायमिंगकडचं आणि टॉर्क रॉड दोन्ही. गिअरबॉक्सकडचंही सोबतच बदलावं का? क्रम काय ठेवायचा? आणि टॉर्क रेंचशिवाय किती कसलं हे कळणार कसं?

आडवं_इंजिन

तुमच्या गाडीत बहुधा वरची दोन माउंटिंग वजन पेलतात आणि खालचा टॉर्क रॉड फक्त झुलणं रोखतो. वजन पेलणारं एक बसकं झालं की इंजिन तिरपं लटकतं आणि दुसऱ्यावर जादा भार येतो. त्यामुळे गिअरबॉक्सकडचं तपासल्याशिवाय सोडू नका. रबर धातूला चिकटलेलं असेल आणि मधला गाभा मध्यभागी असेल तर राहू द्या. गाभा खाली टेकला असेल तर आत्ताच बदला. तिन्ही डोळे झाकून बदलायचा सल्ला मला पटत नाही, धड माउंटिंग काढताना गंजलेला बोल्ट तुटला तर विनाकारण काम वाढतं.

क्रम असा: टॉर्क रॉडचे बोल्ट सैल करा, टायमिंगकडचं बदला, लागलंच तर गिअरबॉक्सकडचं, आणि शेवटी नवा टॉर्क रॉड. टॉर्क रॉडवर वजन नसतं, त्यामुळे तो काढताना इंजिनखाली जॅक लागत नाही. वरची दोन्ही माउंटिंग मात्र जोडलेली हवीत. बोल्टचं भोक पाच-दहा मिमी हुकतं, तेव्हा मदतनिसाने वरून इंजिन ढकललं की जुळतं. गाडी त्यासाठी उचलावी लागेल, तेव्हा स्टँडवर.

आता टॉर्क. पहिला मान गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. तो मिळवाच. अंदाज यावा म्हणून सांगतो, डोक्यावर ८.८ लिहिलेला एम१० (१० मिमी जाडीचा) बोल्ट स्टीलमध्ये साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम१२ साधारण ८० ते ८५ घेतो. १०.९ लिहिलेले यापेक्षा जास्त घेतात. ॲल्युमिनियमच्या आट्यांना हा अंदाज लावू नका, तिथे मॅन्युअलचाच आकडा.

टॉर्क रेंच नसेल तर सामान तोलायचा हूकवाला काटा चालतो. टॉमीवर गोटीच्या मध्यापासून बरोबर ५० सेंमीवर खूण करा, तिथे हूक अडकवा आणि टॉमीशी काटकोनात हळू ओढा. हिशेब असा: न्यूटन-मीटरला ९.८ ने भागा, मग मीटरमधल्या लांबीने भागा, उत्तर किलोत येतं. ८० न्यूटन-मीटरला ५० सेंमीवर १६.३ किलो. ५० न्यूटन-मीटरला १०.२ किलो. टॉमी ४० सेंमीचाच असेल तर ८० साठी २०.४ किलो. झटका देऊ नका, झटक्यात काटा खोटा आकडा दाखवतो. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. तेल लावलेल्या आट्यावर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

आणि मॅन्युअलमध्ये ‘अमुक न्यूटन-मीटर, मग ९० अंश’ असं लिहिलेलं असेल तर ते बोल्ट मुद्दाम ताणले जाणारे असतात. ते पुन्हा वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे. काही युरोपीय गाड्यांत माउंटिंगचे बोल्ट सर्रास असेच असतात. ९० अंश मोजायला वेगळं काही लागत नाही, बोल्टच्या डोक्यावर मार्करने रेघ ओढून पाव फेरी द्या.

तेलकट_हात

गिअरबॉक्सकडचं काढावं लागलं तर बॅटरी आणि तिचा ट्रे दोन्ही निघतील. काही गाड्यांत एअर फिल्टरची पेटीही. जॅक आता गिअरबॉक्सच्या कवचाखाली, ठोकळा तोच. ऑटोमॅटिक असेल तर तळाच्या पत्र्याच्या पॅनवर जॅक लावू नका, आत लगेचच व्हॉल्व्ह बॉडी असते. इथेही दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे खाली सोडायचं नाही. गिअरबॉक्स जास्त खाली गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जोड ताणला जातो आणि निसटू शकतो.

बॅटरी ट्रेच्या खाली ॲसिडने पांढरी बुरशी धरलेली असते, बोल्ट तिथेच कुजतात. सोडताना कुरकुरला तर एकदम जोर लावू नका. अर्धी फेरी सोडा, पुन्हा पाव फेरी कसा, तेल मारा, परत सोडा. असं पुढे-मागे करत काढलेला बोल्ट सहसा तुटत नाही.

चौथा_गिअर

खाली डोकावलो. टॉर्क रॉडच्या एका टोकाचा बुश (धातूच्या कवचातलं गोल रबर) रॉडमध्येच आहे, पण दुसरा मोठा बुश सबफ्रेममध्ये ठोकून बसवलेला दिसतोय, त्याचंही रबर फाटलंय. प्रेसशिवाय निघेल?

गोटीपाना

निघेल, पण आधी दोन मापं घ्या. बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्यांची दिशा मार्करने सबफ्रेमवर उतरवून ठेवा. दुसरं, बुशची कड सबफ्रेमच्या पृष्ठभागापासून किती आत किंवा बाहेर आहे ते मोजा. पोकळ्या चुकीच्या दिशेला आल्या तर ज्या बाजूला बुशने दबायला हवं त्या बाजूला तो कडक होतो आणि नव्या बुशसह गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते.

हे करण्याआधी सबफ्रेमच्या आत काय आहे ते बघा. स्टीअरिंग रॅक किंवा एखादा पाइप अगदी मागे असेल तर करवत घालू नका.

जुना काढायला ड्रिलने रबरात ओळीने भोकं पाडा आणि मधला गाभा रबरासकट ओढून काढा. उरतं ते पातळ कवच. हॅक्सॉचं पातं फ्रेममधून काढून आतून कवचाला एक उभा काप द्या. सावकाश, दर दहा-बारा घासण्यांनी टॉर्च मारून बघत. पातं कवच ओलांडून सबफ्रेमला लागता कामा नये. कापाची रेघ चमकू लागली की थांबा आणि छन्नीने कवचाची कड आत दुमडा. पकड सुटते, मग हातोडीच्या हलक्या ठोक्याने ते बाहेर येतं.

नवा बसवायला एम१२ चा पूर्ण आटेवाला रॉड, दोन लांब नट, पाच-सहा जाड वॉशर आणि दोन नळीचे तुकडे. एका तुकड्याचा बाहेरचा व्यास बुशच्या कवचाएवढाच किंवा एक मिमी कमी, म्हणजे दाब कवचाच्या कडेवर येईल, रबरावर नाही. दुसऱ्या तुकड्याचा आतला व्यास कवचापेक्षा तीन-चार मिमी जास्त, तो पलीकडे टेकतो. रॉड मधून घालून नट कसत गेलं की बुश आत ओढला जातो. रॉडच्या आट्यांना ग्रीस, बुशच्या कडेला साबणाचं पाणी. तिथे तेल किंवा ग्रीस लावायचं नाही.

सुरुवातीचे तीन-चार मिमी सगळ्यात महत्त्वाचे. बुश तिरका शिरतोय असं दिसलं की लगेच मागे घ्या. तिरका ओढत राहिलात तर भोकाची भिंत खरवडते. नवा बुश फ्रीजरमध्ये ठेवून बसवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. साठ मिमीचं स्टीलचं कवच ४० अंश गार झालं तर जेमतेम ०.०३ मिमी आकसतं. ठेवा, तोटा नाही, पण त्या भरवशावर राहू नका. सरळ धरणं आणि साबणाचं पाणी यानेच काम होतं.

सायलेन्सर

मधे विचारतो. बुशच्या त्या पोकळ्यांत आणि फाटलेल्या माउंटिंगच्या चिरांत पॉलीयुरेथेन सीलंट भरून भागत नाही का? टॉर्क रॉडला पॉलीयुरेथेनचे तयार तुकडेही मिळतात.

आडवं_इंजिन

चिरा भरणं नको. सीलंट रबराला धातूशी पुन्हा बांधत नाही, आणि माउंटिंग जातं ते बहुतेकदा त्याच जोडात. हायड्रॉलिक असेल तर प्रश्नच मिटला, गळून गेलेल्या द्रवाचं काम सीलंट करत नाही. वर वजन पेलणारं माउंटिंग अशा भरवशावर चालवणं मला धोक्याचं वाटतं. ते पूर्ण सुटलं तर इंजिन खाली बसून होज आणि शाफ्ट ताणतं.

पोकळ्या मात्र दोष नाहीत, त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. आयडलला इंजिन जे बारीक झुलतं ते त्या पोकळीत मुरतं. जोर लागला की रबर पोकळी ओलांडून पलीकडच्या भिंतीला टेकतं आणि झुलणं थांबतं. तुकडा भरून पोकळी बुजवली तर गिअर बदलताना गाडी घट्ट वाटते खरी, पण आयडलचा कंप थेट सबफ्रेममधून सीटला येतो. ज्याची मूळ तक्रारच आयडलच्या थरथरीची आहे त्याने हे करू नये. ज्याला जोराची गाडी हवी आहे आणि थरथर चालते, त्याने फक्त टॉर्क रॉडला करावं, वरच्या दोघांना नाही.

तेलकट_हात

चौथा_गिअर, बदलून झाल्यावर थरथर राहिली तर लगेच भागाला दोष देऊ नका. नव्या रबराचा हलका कंप जाणवणं वेगळं आणि सीट हलणं वेगळं. सीट हलत असेल तर इंजिन बंद ठेवून आधी टॉर्क रॉडचे आणि मग वरच्या माउंटिंगचे बॉडीकडचे बोल्ट फक्त एकेक वेढा सैल करा, पूर्ण काढायचे नाहीत. इंजिन हाताने तीन-चार वेळा पुढे-मागे हलवा, सुटून स्थिर होऊ द्या. ब्रॅकेट जुन्या पांढऱ्या रेघेवर आलं का ते बघा आणि त्याच क्रमाने उलटं कसत या, टॉर्क रॉड शेवटी. पिळलेलं रबर मोकळं झालं की पुष्कळदा एवढ्यावर काम होतं.

तरीही राहिली तर सायलेन्सर बघा. इंजिन आता आधीपेक्षा वर बसलंय, त्यामुळे पाइप कुठेतरी बॉडीला किंवा उष्णतारोधक पत्र्याला टेकू शकतो. इंजिन चालू असताना एखाद्या ठराविक आरपीएमलाच घरघर येत असेल तर शंभरात नव्वद वेळा हेच. खालचं प्लास्टिक कव्हर परत लावताना तेही कुठे टेकत नाही ना बघा.

शेवटचं कसून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत मार्करची एक सरळ रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर बॉनेट उघडून नुसतं बघायचं. रेघ सलग असेल तर पाना लावायची गरज नाही. तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. साधा बोल्ट असेल तर पुन्हा आकड्यावर कसा, ९० अंशवाला असेल तर नवा घाला.